साहेबाचा दगड आणि आमचा घाम



नगरच्या भुईकोट किल्ल्यापाशी एका चिंचेच्या झाडाची गोष्ट सांगतात. 1803 च्या ऑगस्टात किल्ला घेतला तेव्हा जनरल वेलस्ली म्हणे या चिंचेखाली जेवायला बसला! झालं! साहेब जेवला, जागा पावन झाली. गोऱ्या सरकारने तिथे आठवण करून ठेवली. वेलस्लीने घास कुठे खाल्ला ते इतिहासाच्या लक्षात राहिले. तटावर जे कापले गेले त्यांची नावे कुणी टिपून ठेवली? सांगा बघू!

हा प्रश्न एका चिंचेचा नाही. साहेब 1947 साली गेला, पण त्याचे दगड, त्याचे पूल, त्याच्या पाट्या गावोगाव राहिल्या. त्यांचे करायचे काय?

यावर दोन पंथ आहेत. एक पंथ सुशिक्षितांचा. तो म्हणतो, "हा वारसा आहे, हात लावू नका." दुसरा पंथ पुढाऱ्यांचा. तो म्हणतो, "पाटी बदला, हार घाला, फोटो काढा." आम्ही दोघांनाही विचारतो, यात कामगार कुठे आहे?

पहिल्या पंथाचे आधी बघू. वारसा म्हणता ना? मग सगळा सांगा! 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजाला घरात घेतले. नगरचा किल्ला तेव्हा शिंद्यांकडे होता. 8 ऑगस्टला पेठेच्या तटाला शिड्या लागल्या, 12 तारखेला किल्ला पडला. आणि वेलस्लीच्या फौजेबरोबर कोण होते? पेशव्यांचे सरदार बापू गोखले! तेच गोखले पुढे 1818 साली आष्टीला इंग्रजांशी लढता लढता पडले. म्हणजे नगर पडले ते निव्वळ साहेबाच्या मर्दुमकीने नव्हे. आपसातल्या फुटीने तट आधीच पोखरला होता. हे त्या जेवणाच्या गोष्टीत येते का? फुटलेल्या घराला परका कसा गिळतो, हा धडा युनियन फुटलेली पाहिलेल्या कामगाराइतका कुणाला कळणार?

कुणी म्हणेल, "साहेबाने रेल्वे तर दिली!" दिली? दौंड–मनमाड रेल्वे नगरवरून गेली ती 1878 साली. त्याआधीची दोन वर्षे आठवा. 1876–77 चा दुष्काळ! पोटात अन्न नाही, अंगावर धडुतं नाही, अशा माणसांना दुष्काळी कामावर लावून या लोहमार्गाचा भराव घातला. माती कुणी वाहिली? पारनेर-श्रीगोंद्याच्या कुणब्याने, महार-मांगांनी, लेकुरवाळ्या बायांनी. त्यांचीच नातवंडे पुढे मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभी राहिली. साहेबाने हुकूम दिला. रेल्वे दिली ती आमच्या पणज्यांनी!

तीच कथा अकोल्याच्या भंडारदऱ्याची. 1926 साली धरण पुरे झाले आणि गव्हर्नर विल्सनचे नाव त्याला चिकटले. ज्या डोंगरात हे धरण उभे आहे, तिथल्याच राघोजी भांगऱ्याला सरकारने 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवले होते. पण गंमत पाहा! शेतावर, घरादारात लोक भंडारदराच म्हणत राहिले. जनतेची जीभ सरकारी दगडाला भीक घालत नाही!

आता दुसरा पंथ. मुंबईत काळा घोडा होता. 1879 साली ससून या गिरणीवाल्या घराण्याने युवराज एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा बसवला. 1965 साली तो उचलून राणीच्या बागेत नेला. युवराज गेला, घोडा गेला, पण नाव काही जाईना! शेवटी 2017 साली त्या भागात नवा घोडा बसवला, स्वाराशिवायचा. स्वार उतरवणे सोपे असते. घोड्याची खरारा-चाकरी कोण करत होता, हे सांगणे जड जाते.

आणि एल्फिन्स्टन रोड? जुलै 2018 मध्ये स्टेशनला प्रभादेवी नाव मिळाले. चांगले झाले! पण त्याच्या आदल्या वर्षी, 29 सप्टेंबर 2017 ला, तिथल्या अरुंद पादचारी पुलावर चेंगरून 23 माणसे गेली. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडले, त्या जमिनींवर मनोरे चढले, गर्दी वाढली, पूल मात्र तेवढाच! गव्हर्नरचे नाव पुसायला हिंमत लागत नाही, रंगाचा डबा लागतो. हिंमत लागते ती माणसाच्या जिवाची किंमत ओळखायला. 2024 साली नगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांनी घाट बांधले, विहिरी खोदल्या, वाटसरूला पाणी पाजले. त्यांचे नाव लावणाऱ्यांनी त्यांचे कामही करावे!

मग मार्ग कोणता? तो आम्हीच दाखवलेला आहे! फ्लोरा फाउंटन हे 1864 चे गोऱ्यांचे कारंजे. 21 नोव्हेंबर 1955 ला त्याच चौकात मराठी माणसावर गोळ्या झाडल्या गेल्या. महाराष्ट्र मिळाला. आपण ते कारंजे फोडले का? नाही! त्याच्या शेजारी 1961 साली मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार उभा केला आणि जागेला नाव दिले हुतात्मा चौक. कारंजेही आहे, मशालही आहे. येणाऱ्या पोराला दोन्ही दिसतात, आणि कोण कुणाच्या छाताडावर बसला होता तेही कळते. याला म्हणतात हिशेब चुकता करणे!

नगरच्या किल्ल्याला तर ही संधी दुहेरी आहे. 1942 च्या ऑगस्टात काँग्रेसचे बारा पुढारी इथे कोंडले गेले. नेहरूंनी 1944 साली आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ इथेच लिहिला. त्याच कोठड्यांत शंकरराव देव होते. 1946 साली संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष झाले ते हेच शंकरराव! आणि 1956 च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा केली ती याच नेहरूंनी! एका तुरुंगाचे दोन सोबती, पुढे एक मागणारा आणि एक नाकारणारा. एवढा जिवंत इतिहास ज्या दगडांत आहे, तो लष्कराच्या फाटकाआड का राहावा?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

एक : साहेबाचा दगड फोडू नका, पण एकटा ठेवू नका. शेजारी मराठीत पाटी लावा. वसईचा तह, फितुरी, तटावर पडलेले शिपाई, सगळे लिहा.

दोन : किल्ला सुट्टीच्या दिवशी कष्टकऱ्याला मुलाबाळांसह, बिनाखेटे, बघता आला पाहिजे.

तीन : नगर स्टेशनात दुष्काळी कामावरच्या मजुरांचा दगड बसवा. नावे सापडत नसतील तर "अनामिक" लिहा, पण लिहा!

चार : स्मारकांच्या समित्यांवर नगरचा विणकर, विडी कामगार, गिरणीतून घरी बसवलेला कामगार घ्या. बांधले आम्ही, तर बोलणारही आम्ही!

बंधूंनो, पुढल्या वेळी गावी जाल तेव्हा पोराला त्या चिंचेपाशी न्या. साहेब कुठे जेवला हे त्याला कुणीही सांगेल. त्या दिवशी उपाशी कोण राहिले, हे तुम्ही सांगा!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!