पलटी नांगराचा चकचकीत रॉड आणि एक जुनं फडकं

ट्रॅक्टरची निगा राखणारी घरं पुष्कळ असतात. बॉनेट पुसलेलं असतं, सीटला कव्हर असतं, दसऱ्याला झेंडूचा हार पडतो. मागे जोडलेल्या पलटी नांगराच्या सिलिंडरवर मात्र मागच्या हंगामातला चिखल तसाच वाळलेला असतो. आज त्या सिलिंडरबद्दल बोलू.

ट्रॅक्टरची स्वतःची लिफ्ट, म्हणजे अवजार वरखाली करणारा भाग, बहुतेक ट्रॅक्टरमध्ये सीटच्या खाली-मागे बंद डब्यात असतो. तिथे धूळ पोचत नाही. उघड्यावर असतात ते बाकीचे : नांगर फिरवणारा सिलिंडर, ट्रॉली उचलणारा जॅक, लोडर बसवला असेल तर त्याचे, आणि सगळे विसरतात तो पॉवर स्टिअरिंगचा. हा पुढच्या अॅक्सलजवळ खाली बसलेला असतो आणि भाताच्या चिखलणीत अक्षरशः चिखलातून फिरतो.

या सगळ्यांत नाजूक भाग एकच, आतबाहेर सरकणारा चकचकीत रॉड. त्याची चमक शोभेची नाही. लोखंडावर क्रोमचा थर चढवलेला असतो आणि तो साधारण 20 ते 25 मायक्रॉन जाड असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ. रॉड जिथून आत शिरतो तिथे तोंडाशी एक वायपर असतो आणि त्याच्या आत ऑइल अडवणारं सील. गाडीच्या काचेवरचा वायपर पावसाचं पाणी सारतो तसाच हा धूळ सारतो. पण काचेवर वाळलेला चिखल वायपरने निघतो का? उलट ओरखडे पडतात. इथेही तेच होतं. रॉडवर चिखल वाळला, तो आत खेचला गेला, की आधी वायपर फाटतो, मग सील, आणि मग तोंडाशी ऑइलचा ओलावा दिसायला लागतो.

ऑइल बाहेर येतं ते निदान दिसतं. आत गेलेली माती दिसत नाही, आणि खरा खर्च तिथेच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं ऑइल एकच असतं. म्हणजे नांगराच्या सिलिंडरमधून शिरलेली माती पंपापर्यंत आणि गिअरपर्यंत फिरून येते. पाणी शिरलं तर ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं. तसं दिसलं तर पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नका.

उपाय मात्र फडक्याचा आहे. संध्याकाळी काम संपलं की चिखल ओला असतानाच रॉड पुसायचा, आणि मगच आत घ्यायचा. क्रम महत्त्वाचा. शक्य असेल तिथे रॉड आत गेलेल्या अवस्थेतच अवजार उभं करा. ट्रॉली खाली टेकवलेली, लोडरची बकेट जमिनीवर. आत गेलेल्या रॉडला ना दव लागतं, ना युरियाचं पोतं घासतं. खत आणि शेणखत वाहणाऱ्या ट्रॉलीचा जॅक तर जास्तच जपायला हवा, कारण खताच्या क्षारांनी क्रोमवर बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा सीलला किसणीसारखा लागतो.

रॉडवर रबरी पिशवी किंवा जुनी ट्यूब चढवावी का? मला हे फारसं पटत नाही. आत शिरलेलं पाणी आणि धूळ तिथेच कोंडून राहते, आणि वरून सगळं झाकलेलं असल्यामुळे कुणी बघतही नाही. दगडाळ रान असेल, तुराटी-पराटीची धसकटं असतील, तर दगड ज्या बाजूने उडतात तिथे लोखंडी पत्र्याचा आडोसा बसवून घ्या. तो वेल्डिंग करताना रॉडवर ओलं जाड फडकं टाका, कारण उडालेली ठिणगी क्रोमला चिकटून बसते. आणि वेल्डिंगची अर्थिंग सिलिंडरला लावू देऊ नका. करंट रॉडमधून गेला तर आत डाग पडतात.

दगड लागून बारीक कंगोरा उठलाच तर कानस लावू नका. अगदी बारीक पॉलिश पेपरने तेवढाच कंगोरा, रॉडच्या गोलाईने घासून उतरवा. लांबीच्या दिशेने घासलं तर त्याच रेघांतून ऑइल झिरपतं. खड्डा नखाला लागत असेल तर लेथवाल्याकडेच जा. तसाच ठेवून नवं सील टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत जातं.

धुताना प्रेशरच्या पाण्याचा झोत सिलिंडरच्या तोंडावर धरू नका. नांगर सोडल्यावर पाईपच्या टोकांना टोप्या लावा, जोडण्याआधी टोक पुसा. मातीत लोळलेला पाईप तसाच खोचला, तर वर लिहिलेली सगळी निगा वाया.

आता एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, लक्षात ठेवण्याची. कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार दाब असतो, ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये 150 ते 200 बारपर्यंत जातो. गळती कुठे आहे हे बोटाने चाचपून बघायचं नाही. पाईपच्या सुईएवढ्या छिद्रातून आलेली धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती शोधायला पुठ्ठा धरा. ऑइल कातडीत गेलंच तर घरगुती उपाय न करता लगेच हॉस्पिटल गाठा आणि दाबाखालचं ऑइल टोचलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय कुणी शिरायचं नाही, जॅक नवा असला तरी.

हंगाम संपला आणि नांगर दोन-चार महिने शेडमध्ये जाणार असेल, तर रॉडचा जो भाग बाहेर राहतो त्यावर पुसून घेऊन ग्रीसचा हात फिरवा. पुन्हा कामाला काढताना ते ग्रीस आठवणीने पुसा, नाहीतर पहिल्याच दिवशीची धूळ त्यावर जाऊन बसते.