हातभर अंतर

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगण सरकारने परिवहन महामंडळाच्या साध्या व एक्स्प्रेस गाड्यांतून स्त्रियांना मोफत प्रवासाची मुभा दिली आणि हैदराबादच्या शहर-बसचे रूपच पालटले. पुढची आसने स्त्रियांची, मागची पुरुषांची, ही तेथील जुनी वहिवाट. स्त्रियांची गर्दी वाढताच ही सीमारेषा मागे सरकली, आणि पैसे मोजूनही उभे राहावे लागते, अंगाला अंग घासते, अशी पुरुषांची कुरकुर सुरू झाली. पुरुषांकरिता निराळ्या गाड्या सोडा, अशीही मागणी ऐकू आली. तक्रार अगदीच खोटी नाही. परंतु अंगाला अंग घासण्याचा जाच हा जाहीर चर्चेचा विषय ठरण्यासाठी तो पुरुषांच्या वाट्याला यावा लागला, याची नोंद आम्हांला केल्यावाचून राहवत नाही.

दोन माणसांत किती अंतर असावे, याची जाण हैदराबादला नाही असे कोण म्हणेल? किंचित झुकून, हात कपाळाशी नेऊन केलेला आदाब स्पर्शावाचून आदर व्यक्त करतो. तोच गृहस्थ ईदेला गळाभेट घेतो आणि इराणी हॉटेलात अनोळखी माणसाच्या टेबलाशी खुर्ची ओढून खुशाल चहा पितो. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली या अंतरांची मापे मांडली; दीड ते चार फूट हे त्यांच्या मते खाजगी अंतर. मात्र ही मापे अमेरिकेतील मध्यमवर्गाच्या निरीक्षणातून आलेली आहेत, हे त्यांनीच बजावून ठेवले. २०१७ मध्ये बेचाळीस देशांच्या पाहणीत अनोळखी माणसाला रुमानियातील लोक सर्वांत दूर ठेवतात व अर्जेंटिनातील लोक सर्वांत जवळ येऊ देतात, असे आढळले. तेव्हा फुटपट्टी घेऊन संस्कृतीची उंची मोजण्यात अर्थ नाही.

आमच्या देशात तर अंतर हा केवळ रिवाजाचा मामला कधीच नव्हता. हैदराबादच्या देवड्यांतील जनान्याची भिंत आतल्या बाईला विचारून बांधलेली नव्हती. आणि दुसऱ्याच्या जनान्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आम्ही कोकणातल्या हिंदूंनी आपले सोवळे-ओवळे आठवावे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. सर्व हिंदूंना खुले असे पतितपावन मंदिर रत्नागिरीत उभे राहिले ते १९३१ साली. तोवर देवापासून कोणी किती पावले दूर उभे राहायचे, हे दुसराच कोणी ठरवीत होता. बलिष्ठाने दुर्बळावर लादलेले अंतर वेगळे आणि बसच्या दांड्याला धरून उभी असलेली मुलगी मागते ते हातभर अंतर वेगळे. या दोहोंना ‘मर्यादा’ हा एकच शब्द लावून आपण आजवर पुष्कळ गोंधळ माजवला आहे.

कायद्याने हा गोंधळ बराच निस्तरला आहे. २०१३ मध्ये दंडसंहितेत आलेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७५ व्या कलमात असलेले शब्द इंच-फुटांविषयी बोलत नाहीत. लैंगिक रोखाची शारीरिक लगट समोरच्या व्यक्तीला नकोशी होती काय, एवढेच विचारतात. हैदराबादेत ऑक्टोबर २०१४ पासून साध्या वेषातील पोलिसांची ‘शी टीम्स’ ही पथके छेडछाड करणाऱ्यांवर नजर ठेवतात, ही स्तुत्य गोष्ट होय. पण पाय ठेवायला जागा नसलेल्या गाडीत धक्का गर्दीचा की हेतूचा, हे पोलिसाला तरी कसे कळावे? लबाडाला गर्दीसारखा आडोसा नाही.

महाराष्ट्रातही १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. सवलत योग्यच आहे. तिच्यामुळे कितीतरी बायका घराबाहेर पडू शकल्या. मात्र सवलतीच्या घोषणेबरोबर गाड्याही वाढवाव्या लागतात, याचा विसर हैदराबादेत पडला तसा येथेही पडू नये. गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या कोणत्याही एस. टी. स्थानकावर महामंडळाच्या अधिकाऱ्यांनी एक संध्याकाळ उभे राहावे. किती बायका चढल्या, हे तिकिटांवरून कळेलच. किती जणी गर्दी पाहून मागे फिरल्या, तेही त्यांनी मोजावे.