क्षची किंमत

आठवीचे पेपर तपासताना एक चूक आम्हाला दरवर्षी भेटते. ५क्ष − (२क्ष − ३) या राशीला सरळ रूप द्यायचे असते. निम्मी मुले ३क्ष − ३ लिहितात. बरोबर उत्तर ३क्ष + ३ आहे. मग पालकसभेत एखाद्या अम्मी म्हणतात, "टीचर, आमच्या घरात गणित कुणालाच जमत नाही." कंसाआधी उणे असेल तर आतली चिन्हे बदलतात, हा नियम मुलांना पाठ असतो. ती का बदलतात, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते.

अशा वेळी आम्ही पुस्तक बाजूला ठेवतो. समजा, एका माणसामागे ८,३०,००० रुपये राहिले. त्याच्यावर ५०,००० कर्ज होते आणि कर्ज देणाऱ्याने त्यातले २०,००० माफ केले. आता उरले किती? ८,३०,००० − (५०,००० − २०,०००). कर्ज वजा होते, पण माफ झालेली रक्कम परत जमेला येते. म्हणून ८,३०,००० − ५०,००० + २०,०००, म्हणजे ८,००,०००. उण्याचे अधिक झाले ते असे.

उत्तर तपासायला बीजगणित येण्याचीही गरज नाही. क्षच्या जागी २ ठेवा. मूळ राशीत १० − (४ − ३), म्हणजे ९ येतात. ३क्ष + ३ मध्येही ९ येतात, ३क्ष − ३ मध्ये मात्र ३. किंमत जुळली नाही, तर उत्तर नक्की चुकले. जुळली, तर आणखी एक संख्या ठेवून पाहा. एवढे तर अम्मीलाही स्वयंपाक करता करता तपासता येईल.

हा विषय आपल्याला परका नाही. नवव्या शतकात, खलीफा मामूनच्या काळात, बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी 'अल-जब्र वल-मुकाबला' या विषयावर किताब लिहिली. अलजब्रा हे नाव तिथूनच आले. जब्र म्हणजे मोडलेले जोडणे. समीकरणात वजा असलेले पद दुसऱ्या बाजूला भरून देणे. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजूंची सजातीय पदे समोरासमोर ठेवून कमी करणे. त्यांच्याकडे क्ष नव्हता. अज्ञात संख्येला ते 'शै', म्हणजे 'वस्तू', म्हणत आणि सगळे गणित शब्दांत मांडत. त्या किताबीचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या वाटणीच्या उदाहरणांनी भरलेला आहे.

आपणही तसेच एक उदाहरण घेऊ. वरच्या माणसाचा दफनविधीचा खर्च आणि कर्ज भागले, वसीयत काही नव्हती आणि ८,००,००० उरले. मागे बीवी, दोन मुलगे आणि एक मुलगी; आई-वडील आधीच वारलेले. सूरह निसामधील हुकुमाप्रमाणे बीवीचा आठवा हिस्सा, म्हणजे १,००,०००. राहिलेल्या ७,००,००० मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलीचा वाटा क्ष धरला, तर क्ष + २क्ष + २क्ष = ५क्ष. तिन्ही पदांत क्ष आहे, म्हणून ती मिळवता आली. ३क्ष + ३ चे ६क्ष होत नाहीत, कारण ती पदे विजातीय आहेत. ५क्ष = ७,००,०००, म्हणून क्ष = १,४०,०००. प्रत्येक मुलाला २,८०,०००. सगळे मिळवून पाहा, बरोबर ८,००,००० भरतात.

मागच्या वर्षी हे उदाहरण फळ्यावर सुटले, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "टीचर, माझ्या अम्मीचा क्ष किती होता?" वर्ग गप्प झाला. आम्हीही क्षणभर गप्प झालो. आपल्या कितीतरी घरांत बहिणीचा वाटा कुणी मोजतच नाही. भावाचे मन दुखावू नये म्हणून ती न वाचता सही करते. राजीखुशीने सोडायचे तर तिने जरूर सोडावे, पण आपण काय सोडतो आहोत, तो आकडा आधी तिच्या हाती असावा.

म्हणून आमची विनंती एवढीच, की "मुलीला गणित घेऊन काय करायचे?" असे घरात म्हणू नका. आज रात्री जेवण झाल्यावर मुलगा-मुलगी दोघांना वही घेऊन बसवा आणि हेच उदाहरण दोन मुली व एक मुलगा धरून सोडवायला सांगा. प्रत्येक मुलीचा वाटा १,७५,००० आला पाहिजे.