वाळूचा ब्रास आणि आमचे ईमान

कापड ताणून मोजणे हराम, हे आम्ही कापडवाले जाणतो. मग वाळूचे काय? ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्यात कोरडी वाळू साधारण साडेचार टन भरते. पण ओलसर वाळू फुगते, आणि त्याच ब्रासमध्ये पाचवा हिस्साही कमी येऊ शकतो. काट्यावर तोलली तर पाण्याचेही पैसे पडतात. 1993 च्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात घरे पुन्हा उभारणाऱ्या आमच्या जिल्ह्याने हे विसरू नये. बादलीत 10 इंच ओलसर वाळू भरा, काढून पाण्यात सोडा. 8 इंच बसली तर तफावत ओळखा आणि भाव त्याप्रमाणे ठरवा. सूरह मुतफ्फिफीनचा इशारा तराजूला आहे, तसा मापालाही आहे. व्यापारी बांधवांनो, ट्रॉली पूर्ण भरून द्या. बरकत त्यातच आहे.