यंत्र आपलें, प्रणालीहि आपली

आर्म जातीच्या लॅपटॉपवर कारखानदारानें न दिलेली लिनक्स प्रणाली विद्यार्थ्यांनीं बसवावी काय? पुष्कळ पालक या उद्योगास महागड्या वस्तूशीं चाललेला पोरखेळ समजतात. आमच्या मतें तो अभ्यास आहे; मात्र तो नियमानें झाला पाहिजे.

ॲपल कंपनीनें सन २०२० मध्यें एम १ चिपचे लॅपटॉप काढिले. त्यांवर दुसरी प्रणाली चालविण्यास तिनें मज्जाव केला नाहीं. परंतु ती रचण्यास लागणारी अंतर्रचनेची माहितीहि दिली नाहीं. तेव्हां आसाही लिनक्सच्या मंडळींनीं यंत्राचें वर्तन बारकाईनें निरखून एकेका भागाचे ड्रायव्हर रचिले. मार्च २०२२ मध्यें त्यांची पहिली चाचणी-आवृत्ति व डिसेंबर २०२३ मध्यें फेडोरावर आधारलेली आवृत्ति निघाली. तरीहि बोटाचा ठसा ओळखण्याची सोय तींत नव्हती. असें उणें राहावयाचेंच; कारण आर्म लॅपटॉपांची मांडणी एकसारखी नसते, व प्रत्येकाचें वर्णन प्रणालीस निराळें पुरवावें लागतें.

म्हणून विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. आपलें यंत्र त्या प्रणालीच्या यादींत आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें. आपल्या सर्व लिखाणाची प्रत दुसरीकडे ठेवावी. मूळ प्रणाली पुसूं नये; आसाही तिच्या शेजारींच बसते. घरांत एकच यंत्र असल्यास वडिलांच्या अनुज्ञेवांचून त्यास हात लावूं नये.

पालकांनींहि सरसकट नकार देऊं नये. एवढी तयारी करून आलेला मुलगा किंवा मुलगी यंत्र बिघडविण्यास नव्हे, तर तें समजून घेण्यास निघाली आहे, हें त्यांनीं ओळखावें.