वांझ नव्हे, उपाशी!

माझ्या मावशीच्या गोठ्यात एक संकरित गाय होती. सातारा जिल्ह्यातले बागायती गाव, पाण्याला तोटा नाही, शिवारभर ऊस. पहिल्या वेताला गाईने दोन्ही वेळचे मिळून दहा-बारा लिटर दूध दिले आणि त्या पैशांतून मावशीने घरावर नवे पत्रे घातले. पुढे मात्र गाय गाभण राहीना. चार वेळा कृत्रिम रेतन केले, चारही वेळा ती उलटली. "आरं, वांझ हाय ती. किती दिस पोसायची?" म्हणत मावशीने तिला बाजार दाखवला. गाय टेम्पोत चढवत होते तेव्हा मावशी मागच्या परसात जाऊन बसली होती.

काही वर्षांनी एका निवृत्त पशुवैद्यांना मी ही हकिकत सांगितली. त्यांनी एकच विचारले, "गाईला खायला काय होते?" मी म्हणालो, "उसाचे वाढे. अगदी पोटभर." ते म्हणाले, "पोट भरलेले होते हो, पण गाय उपाशी होती."

त्यांनी मग जे समजावून सांगितले, ते आपण सगळ्यांनीच जाणून घ्यावे असे आहे. गाय व्याली की तिचे दूध दीड-दोन महिन्यांत शिखर गाठते. भूक मात्र त्याच्या मागून, सावकाश वाढते. मधल्या काळात दुधातून जेवढे जाते तेवढे खाण्यातून येत नाही. ही तूट गाय अंगावरच्या चरबीतून भरून काढते. अशा वेळी मेंदूकडून बीजाशयाकडे जाणारे संप्रेरकांचे इशारे मंदावतात. बीज पक्व होत नाही. माज येतच नाही, किंवा येतो तो 'मुका', कुणाच्या ध्यानात न येणारा. आधी पदरातले वासरू जगव, दुसऱ्याचे मग पाहू, असा हा शरीराचा सरळ न्याय आहे.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये याचा हिशेबच मांडला. गाईच्या अंगावरील मांस-चरबीला १ ते ५ गुण देण्याची एक पद्धत आहे. व्यायल्यानंतर अर्ध्या गुणाहून कमी उतरलेल्या गाईंपैकी ६५ टक्के पहिल्याच रेतनाला गाभण राहिल्या. एका गुणाहून अधिक उतरलेल्यांपैकी फक्त १७ टक्के!

आता गोठ्यातले गणित पाहा. गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. वर्षाला एक वासरू हवे असेल, तर व्यायल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाय फळली पाहिजे. म्हणजे नेमकी तुटीच्याच दिवसांत किंवा त्या सरता सरता. माज २१ दिवसांनी येतो आणि जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. तो हुकला की आणखी २१ दिवसांची वैरण पदरची.

उसाच्या वाढ्यात प्रथिने थोडी. शिवाय त्यातले ऑक्झलेट चाऱ्यातला चुना बांधून ठेवते. मग पेंडीचे घमेले ओतावे का? तेही नाही. प्रथिनांचा अतिरेक झाला की रक्तातला युरिया वाढतो आणि गर्भ राहण्याचे प्रमाण घटते. व्यायच्या आधी फार लठ्ठ झालेली गाय पुढे कमी खाते, तिची तूट उलट वाढते. हिरवी वैरण, कडबा, पेंड आणि रोजचे मूठभर क्षारमिश्रण यांचा तोल साधणे, एवढाच यावरचा उपाय.

मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बाएफ' उभी केली. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना आली. गोठवलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारात पोचले. १९९८ मध्ये दूध उत्पादनात आपण जगात पहिले झालो. हे काम लहान नाही. पण रेतनाची कांडी पुढे गेली आणि गव्हाण मागे राहिली. आज बहुतेक वेळा कालवडच देणारी महागडी वीर्यमात्राही मिळते. ती उपाशी गाईत रुजणार कशी? ही चूक एकट्या आपली नव्हे. दुधामागे धावताना प्रजननक्षमता घसरते हे ध्यानात येऊनही अमेरिकेने वळू निवडताना लेकींच्या गाभण राहण्याचा गुण मोजायला सुरुवात केली ती २००३ मध्ये. आपल्याकडे राष्ट्रीय डेअरी योजनेत २०१२ पासून घरोघर जाऊन जनावराचा आहार बसवून देण्याचा उपक्रम झाला. दिशा तीच योग्य होती. तो प्रत्येक गोठ्यापर्यंत गेला पाहिजे, आणि गोठ्यात राबणाऱ्या बाईपर्यंत गेला पाहिजे. वैरण ती टाकते, माज ती ओळखते. शिबिराला मात्र घरचा पुरुष जातो.

आपण शहरात सकाळी पिशवी कापून दूध पातेल्यात ओततो. ते कुणीतरी आपल्या अंगावरचे झिजवून दिलेले असते, हे आपल्या मनातही येत नाही. आणि 'वांझ' हा शब्द तर आपल्या तोंडी फार लवकर येतो. गोठ्यातही आणि घरातही.

पशुवैद्यांचे म्हणणे मी मावशीला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "चार येळा डॉक्टर आला. एकदाबी कुनी गव्हानीत वाकून का न्हाई बगितलं?"