काडतुसाची चरबी आणि नळीतले कीट

१/
दरवर्षी मे महिना उजाडला की १८५७च्या काडतुसांची गोष्ट समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. तिची दोन रूपे ठरलेली आहेत. एकात इंग्रजांनी शिपायांचा धर्म बुडविण्याच्या हेतूनेच काडतुसांना गाईची व डुकराची चरबी फासलेली असते. दुसऱ्यात सुधारलेले हत्यार हाती येत असताना भोळे शिपाई एका अफवेपायी बिथरलेले असतात. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर तुटून पडतात; पण काडतुसाला मुळात चरबी लागत होतीच कशाला, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

२/
त्याचे उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची जुनी काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. धुराबरोबर थोडा बाहेर जातो, उरलेला नळीच्या आतल्या अंगाला चिकटतो. हे कीट म्हणजे नुसती काजळी नव्हे. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळी हवेत त्याचा चिखल होतो व रात्रीतून गंज धरतो. कोरड्या उन्हाळ्यात तेच खापरीसारखे टणक होते.

३/
ठासणीच्या बंदुकीत याचा अर्थ फार सरळ आहे. गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने तळापर्यंत ठासावी लागते. म्हणजे प्रत्येक नव्या गोळीला मागच्या सर्व बारांचे कीट ओलांडूनच खाली उतरावे लागते. आत अडकली तर भर लढाईत शिपायाच्या हातात उरते ती फक्त संगीन.

४/
जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत, म्हणजे 'ब्राऊन बेस' या लाडक्या नावाच्या बंदुकीत व तिच्या पुढच्या टोपीच्या वाणांत, हा प्रश्न ढिलाईने सोडविलेला होता. नळीचा व्यास सुमारे १९ मिलिमीटर, गोळी सुमारे साडेसतरा. मध्ये दीड मिलिमीटरची मोकळीक. कीट साचले तरी गोळी घरंगळत खाली जाई. नेम मात्र त्याच मानाने ढिसाळ. तिच्या कागदी काडतुसाला चरबी लागत नसे, हे पुढच्या हकीकतीसाठी लक्षात ठेवावे. (काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. शब्द आला तेव्हा त्याला चरबीचा वास नव्हता.)

५/
१८५३च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीने ती मोकळीक काढून घेतली. नळीत तीन पेचदार चऱ्या, नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. फरक एका इंचाचा नऊ हजारांश, म्हणजे पाव मिलिमीटरही नाही. बार उडताच गोळीचा पोकळ बूड फुगून चऱ्यांना घट्ट बसे. म्हणूनच ती शेकडो यार्डांवर नेमकी लागे, आणि म्हणूनच कीट तिचा पहिला शत्रू होते.

६/
या गोळीच्या अंगाला वंगण भरून ठेवण्यासाठी खाचा नव्हत्या. काडतुसाचा कागदच गोळीभोवती गुंडाळलेला राही आणि त्या टोकाचा कागद वंगणात बुडविलेला असे. शिपायाने दुसरे, दारूचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून कागदासह गोळी नळीच्या तोंडात बसवायची, वरचा कागद तोडून टाकायचा आणि गज चालवायचा. वंगणाने मागचे कीट मऊ पडे व उतरणारी गोळी ते पुसत जाई. वंगण काढून घेतले तर काही बारांनंतर ही नामांकित रायफल म्हणजे एक महागडी काठी.

७/
तेव्हा वंगणाची गरज खरी होती. 'धर्म बुडविण्याखेरीज चरबीचे काही कारणच नव्हते' हा दावा येथे संपतो. पण ज्यांना एवढ्यावर विजयाचा शंख फुंकायचा आहे त्यांनी थोडे थांबावे. वंगण हवे होते. ते जनावराच्या चरबीचेच हवे, असे नळीचे काही मागणे नव्हते.

८/
उलट, उत्तर हिंदुस्थानात चरबी हे वंगण म्हणून वाईटच होते. ती चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास वितळते. मेण बासष्ट-त्रेसष्ट अंशांपर्यंत टिकते. वैशाखातल्या कानपुरात दहा-दहा काडतुसांच्या पुडक्यात चरबी पाघळली की ती गोळीच्या टोकापुरती राहात नाही, सगळ्या कागदाला लागते. 'दातांनी फाडायचे टोक चरबीचे नव्हतेच' असा एक चलाख युक्तिवाद अलीकडे ऐकू येतो. नकाशावर तो बरोबर आहे. घामेजलेल्या हातात आणि तापलेल्या पेटीत त्याला अर्थ उरत नाही.

९/
पुढे खुद्द ब्रिटिश लष्करानेच वंगणात मेण वाढवून चरबी कमी केली, आणि गोळीचा व्यासही ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणला. कारण १८५७-५८च्या मोहिमांत गोरे सैनिकसुद्धा कीट धरलेल्या नळीत गोळी ठासताना जेरीस आले होते. हा बदल धर्मासाठी नव्हे, हवेसाठी झाला. पण त्यातून एक गोष्ट उघड होते: दोन्ही उपाय आवाक्यातले होते.

१०/
ते आधी सुचणे शक्य नव्हते काय? येथे कागदपत्रे बोलतात. १८५३मध्ये ही काडतुसे हिंदुस्थानात पाठविली गेली ती वंगण येथल्या हवेत टिकते का हे पाहण्यासाठी. कलकत्त्याचा किल्ला, कानपूर आणि रंगून येथे ती शिपायांच्या कमरेच्या पेट्यांत महिनोन्महिने ठेवली गेली. वंगण कशाचे हे शिपायांना कोणी सांगितले नाही, तेव्हा हरकत कोणी घेतली नाही यात नवल नाही. उष्णतेची परीक्षा झाली. माणसांना विचारणे राहून गेले.

११/
बंगाल सैन्याचे अॅडज्युटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांच्या मात्र ते ध्यानात आले. डिसेंबर १८५३मध्ये त्यांनी लष्करी मंडळाला लेखी कळविले, की वंगण जातिधर्माला बाधा आणणारे नाही याची खात्री पटल्याखेरीज ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. उठावाच्या तीन वर्षे आधी, योग्य जागी बसलेल्या अधिकाऱ्याने, योग्य शब्दांत दिलेला हा इशारा आहे. तो दप्तरात राहिला.

१२/
परिणामी १८५७च्या आरंभी दारूखान्यात येणारी चरबी कंत्राटदाराकडून येई आणि ती कोणत्या जनावराची याची चौकशीच होत नसे. 'मुद्दाम गाय-डुक्कर निवडले' याला पुरावा नाही. पण 'त्यात गाय-डुक्कर नव्हते' असे शपथेवर सांगण्याची सरकारचीही सोय राहिली नव्हती. कट सिद्ध झाला असता तर तो निदान कोणाचा तरी निर्णय ठरला असता. येथे निर्णयच नाही. स्वस्तातला माल आणि न विचारलेला प्रश्न आहे. दोन्ही लोकप्रिय गोष्टी हाच प्रश्न टाळतात आणि त्या दप्तराला मोकळे सोडतात.

१३/
कीट हा प्रश्न किती चिवट आहे हे समजण्यासाठी थोडे आजच्या अमेरिकेकडे पाहावे. तेथे अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम असतो. काळ्या दारूच्या साठवणुकीवर स्फोटक म्हणून कडक निर्बंध असल्याने तिचे पर्याय निघाले. पहिला गाजलेला पर्याय १९७६चा पायरोडेक्स. तो अधिक सुरक्षित म्हणून पुढे आला, आणि त्याचे जनक डॅन पॉलॅक १९७७च्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातील इसाक्वा येथे त्याच्याच कारखान्यातील स्फोटात गेले.

१४/
पायरोडेक्सचे कीट कमी, पण त्यात परक्लोरेट असते. जळल्यावर मागे क्लोराइडचा क्षार राहतो, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. नळी त्याच दिवशी धुतली नाही तर पोलाद खाल्ले जाते. गंधक वगळलेली ट्रिपल सेव्हन पाण्याने सहज धुतली जाते. मात्र दारू बसते त्या जागी ती टणक कडे धरते आणि पुढची गोळी तेथे अडते. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली ब्लॅकहॉर्न २०९ फारसे कीट धरत नाही. पण जे धरते ते पाण्याला दाद देत नाही, त्याला वेगळे द्रावण लागते. सर्वांत जुन्या, सर्वांत घाणेरड्या काळ्या दारूचे कीट मात्र साध्या पाण्यात विरघळते. घाण नाहीशी झाली असे कोणत्याच डब्याला म्हणता येत नाही. तिचा प्रकार तेवढा बदललेला आहे.

१५/
या शिकाऱ्यांपैकी काळी दारू वापरणारे अनेक जण आजही गोळीला किंवा तिच्याभोवतीच्या फडक्याला वंगण लावतात. पुष्कळांचे घरगुती वंगण म्हणजे मेण आणि ऑलिव्हचे तेल. मेण आणि वनस्पतीचे तेल! जानेवारी १८५७च्या अखेरीस, डमडमचा बोभाटा झाल्यावर, कलकत्त्याच्या सरकारने शिपायांना बाजारातून आपल्या पसंतीचे वंगण आणून स्वतः लावण्याची मुभा दिली, तीही याच जातीच्या उपायाला. अर्थात चरबी टाळता येत होती हे सरकारने एका फर्मानात कबूल केले. फक्त तीन वर्षे उशिरा.

१६/
आता 'भोळ्या शिपायां'कडे वळावे. फेब्रुवारी १८५७मध्ये बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी नव्या काडतुसाच्या चकचकीत कागदाविषयी साक्षी दिल्या. त्यांनी कागद जाळून पाहिला होता. तुपातल्यासारखा चुरचुर आवाज येतो असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी रसायनपरीक्षकाने कागदाला वंगण नसल्याचा निर्वाळा दिला, आणि त्यावर संशय घेण्याचे कारण नाही. शिपायांचा निष्कर्ष चुकला. पण वस्तू हाती घेऊन, जाळून, ऐकून पाहणे याला भोळेपणा म्हणत नाहीत. ज्या दारूखान्याने चरबीविषयी काहीच तपासले नव्हते, त्याच्यापेक्षा या शिपायांनी अधिक तपासले होते.

१७/
शिवाय ही माणसे बंदुकीला नवखी नव्हती. बार झाल्यावर नळी धुणे, कोरडी करणे, तेल देणे हे त्यांचे नित्यकर्म. वंगण कशासाठी लागते हे त्यांना कोणत्याही कारकुनापेक्षा अधिक कळत होते; म्हणूनच त्यांचा प्रश्न 'वंगण का' असा नव्हता, 'वंगण कशाचे' असा होता. आणि तोंडाला लागण्याचा विटाळ जातीबाहेर टाकण्यापर्यंत जाऊ शकत होता. गावी लग्ने, पंगती, श्राद्धे होती. हे धोके पगाराच्या हिशेबात धरलेले नव्हते.

१८/
मार्चमध्ये कवायतीतून दातांनी फाडणे काढून हाताने फाडणे आणले गेले. शिपायांचे म्हणणे असे, की वर्षानुवर्षांची सवय आहे, भरात तोंडाकडेच हात जाईल. ज्याने एकदा तरी कवायत केली आहे त्याला हे पटेल. एव्हाना प्रत्येक सवलत ही आधीच्या आरोपाची कबुली म्हणून वाचली जाऊ लागली होती.

१९/
२४ एप्रिल १८५७ रोजी मेरठला तिसऱ्या देशी घोडदळाच्या निवडक ९० स्वारांना कवायतीसाठी बोलावले गेले. ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. लष्करी न्यायालयाने त्यांना सक्तमजुरीच्या शिक्षा ठोठावल्या, बहुतेकांना दहा वर्षांच्या. ९ मे रोजी संपूर्ण छावणीसमोर त्यांचे गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी संध्याकाळी, मेरठ उठले. त्या कवायतीत त्यांच्यापुढे धरलेली काडतुसे एन्फिल्डची नव्हती. ती जुनीच, वर्षानुवर्षे वापरातली होती, ज्यांना ही नवी चरबी लागलेलीच नव्हती.